लागू नाही

पेठ रोडला सकाळी सव्वानऊ.
माझ्यापुढे एकवीस गाड्या: कांद्याचा टेम्पो,
दोन स्कूलबस, वीटभट्टीचा डंपर,
आणि एक रिक्षा, पाठीवर लिहिलेलं 'बघतोस काय'.
पुढचं नव्या रेडियमखाली गेलेलं.

बॅटरी एकतीस टक्के.
काल रात्री म्हसरूळला लाइट गेली, ती पहाटे आली.
तोवर दोनदा उठून अनवाणी
प्लगपाशी जाऊन आले,
दूध नासलं का बघावं, तशी वाकून.
आता एसी बंद, काचा खाली,
रेडिओसुद्धा नाही.

रांग सरकते.
पुढचे किल्ली फिरवतात, खाकरतात,
धुराचा एकेक घास मला भरवून पुढे जातात.
मी नुसती जाते.
टेम्पोवाला खिडकीतून मान काढून विचारतो,
'ताई, बंद पडली का? ढकलू?'
'चालू आहे.'
'मग बोलत का नाही?'
या प्रश्नाचं उत्तर मी माहेरी, सासरी
आणि सीबीएसजवळच्या कोर्टात दिलंय.
चौथ्यांदा कंटाळा आला.

एजंटाचा पोरगा, हर्षल, आडवा पडून
चेसिस नंबरावर पातळ कागद धरतो, पेन्सिल घासतो.
आम्ही चाराण्यावर घासायचो, तशी.
आधी काहीच नाही,
मग एक उभी रेघ, मग आकडे
कागदाच्या पोटातून वर येतात.
'आता इंजिन नंबर.'
शोधतो. खालून, वरून, मोबाइलचा उजेड पाडून.
'काका, हिला इंजिनच नाही!'
सगळी रांग गोळा झाली.
बॉनेटखालची मोकळी जागा बघून कुणीतरी म्हणालं,
'इथे दोन क्रेट द्राक्षं बसतील.'

अठरा टक्के.

मग खैरनार साहेब आले. दिवाळीला रिटायर.
हॉर्न वाजवून घेतला, दिवे, ब्रेक,
पेटीतली न फोडलेली आयोडीनची बाटली,
लाल सिलिंडरवरची तारीख.
सगळं झाल्यावर, सवयीनं असेल,
बॉनेटला कान लावून उभे राहिले.
बराच वेळ.
'बत्तीस वर्षं टॅपेट ऐकून सांगायचो,
कुठल्या सिलिंडरात खोट आहे.
हिचं काय ऐकू?'
मला वाईट वाटलं. म्हटलं,
'वायपर वाजतो जरा, साहेब.'
त्यांनी ते लिहून घेतलं.

फॉर्मवर पुढचा रकाना: धुराचे प्रमाण.
पेन थांबलं.
'इथे काय लिहायचं?' मला विचारलं,
जशी काही मी नियम करते.
'लिहा, लागू नाही.'

हे दोन शब्द मला चांगले येतात.
मुलीच्या शाळेत, वडिलांची सही.
बँकेत, पतीचे उत्पन्न.
गॅसच्या कार्डावर, कुटुंबप्रमुख, कंसात पुरुष.
दर वेळी कारकुनानं चष्म्यावरून वर बघितलं,
मग खाली, मग पुन्हा वर,
आणि पलीकडच्या टेबलाला खुणावलं.

खैरनारांनी वर बघितलंच नाही.
लिहिलं. ला-वर काना राहिला होता, तो दिला.
शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली.
'दोन वर्षं. वायपरचं रबर बदला.'

पावणेएक. चौदा टक्के.
हिरव्या पाटीवरचे पिवळे आकडे ओल्या फडक्यानं पुसले,
उगीच.
मखमलाबाद नाक्याकडे उतार आहे,
गंगेपर्यंत जातो.
पाय काढून घेतला, गाडी आपली आपण रेटत निघाली,
आणि उतारावर रोखून धरताना
चौदाचे पंधरा झाले.

कुणाला तरी सांगावं, म्हणून आरशात बघितलं.
मागे तोच टेम्पो, इंडिकेटरपायी दोनदा परत पाठवलेला,
हॉर्नवर हॉर्न देत येत होता,
मी चालू आहे ना, बघायला.